गुरूची संमति
ज्या आगींत विद्यार्थ्याचें स्वतःचें घर होरपळलें, तीच त्यानें संशोधनाचा विषय म्हणून निवडली, तर मार्गदर्शक अध्यापकानें काय करावें? ह्या प्रश्नाच्या दृष्टीनें इतिहासकार राऊल हिलबर्ग ह्यांची हकीकत मननीय आहे.

हिलबर्ग १९२६ मध्यें व्हिएन्ना येथें एका ज्यू कुटुंबांत जन्मले. १९३८ मध्यें ऑस्ट्रिया हिटलरच्या घशांत गेला आणि त्यांच्या वडिलांना अटक झाली. पहिल्या महायुद्धांत लढले होते म्हणून ते सुटले. पुढल्याच वर्षीं हें कुटुंब क्यूबामार्गें अमेरिकेस पोंचलें. युरोपांत राहिलेल्या नातलगांपैकीं २६ जण मारले गेले. तरुण हिलबर्ग अमेरिकन सैनिक म्हणून जर्मनींत गेले, तेव्हां म्यूनिक येथें हिटलरच्या खासगी ग्रंथसंग्रहाच्या पेट्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. विषयानेंच जणूं त्यांना गांठलें.

युद्धानंतर ते ब्रुकलिन कॉलेजांत शिकूं लागले. तेथें हान्स रोझेनबर्ग नोकरशाहीचा इतिहास शिकवीत. नेपोलियनच्या फौजांनीं स्पेनमध्यें प्रजेवर केलेल्या अत्याचारांना आधुनिक काळांत तोड नाहीं, असें ते एकदां म्हणाले. हिलबर्ग ह्यांनीं मध्येंच विचारलें, मग साठ लक्ष ज्यूंचें काय? ती गोष्ट गुंतागुंतीची आहे, शिवाय व्याख्यानांची मर्यादा १९३० पर्यंतच आहे, असें उत्तर मिळालें. रोझेनबर्ग स्वतःहि जर्मनींतून परागंदा झालेले ज्यू होते. त्यांना नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु आपल्या जखमेवर भर वर्गांत कोणी बोट ठेवूं नये, असें वाटणें मनुष्यस्वभावाला धरूनच नव्हे काय?

पुढें कोलंबिया विद्यापीठांत हिलबर्ग ह्यांना फ्रान्झ नॉयमान हे गुरु लाभले. तेहि परागंदा जर्मन ज्यू, मूळचे कामगारपक्षाचे वकील. नाझी राजवटीची चिकित्सा करणारा ‘बेहेमोथ’ हा ग्रंथ त्यांनीं १९४२ मध्यें लिहिला होता. ज्यूंच्या संहारांत जर्मन मुलकी नोकरशाहीचा वांटा किती, ह्यावर हिलबर्ग ह्यांनीं एम्. ए. चा प्रबंध त्यांना सादर केला. त्याच्या अखेरीस एक जहाल विधान होतें: जर्मनांचे हुकूम ज्यूंनीं निमूटपणें पाळले, आणि स्वतःच्याच नाशास त्यामुळें हातभार लागला. नॉयमान ह्यांनीं हें विधान असत्य ठरविलें नाहीं, पुरावा अपुरा आहे असेंहि म्हटलें नाहीं. हें सोसवणार नाहीं, काढून टाका, एवढेंच ते म्हणाले. शिष्यानें तें काढलें. परंतु मोठ्या ग्रंथांत पुन्हां घालण्याचा निश्चय मनाशीं केला.

कोणाला सोसवणार नव्हतें? वाचकांना, शिष्याला, कीं खुद्द गुरूला? सत्यासत्यतेची कसोटी लावून गाळलेला मजकूर एक, आणि वेदनेपोटीं गाळलेला मजकूर निराळा. दुसर्‍या प्रकारांत गुरूनें आपलें मन आधीं तपासून पाहणें अगत्याचें असतें.

तोच विषय पीएच्. डी. साठीं घेण्याची परवानगी हिलबर्ग ह्यांनीं मागितली, तेव्हां मात्र नॉयमान आड आले नाहींत. ह्या विषयाकडे त्या काळीं विद्यापीठेंहि पाठ फिरवीत होतीं. होकार देतांना त्यांनीं मोजक्या शब्दांत बजावलें कीं, हा मार्ग स्वतःचें भवितव्य मातींत घालण्याचा आहे. धोका दाखविला, पण वाट अडविली नाहीं. ह्याहून अधिक मार्गदर्शकाच्या हातांत तरी काय असतें?

१९५४ मध्यें स्वित्झर्लंडमध्यें मोटार-अपघातांत नॉयमान वारले. प्रबंध १९५५ मध्यें पुरा झाला. हिलबर्ग ह्यांची लेखणी अश्रु ढाळीत नाहीं. ती दप्तरें उलगडते. संहारछावण्यांकडे जाणार्‍या गाड्यांचें भाडें जर्मन रेल्वेखातें रीतसर आकारीत असे. दहा वर्षांखालील मुलांस अर्धें तिकीट, चार वर्षांखालील मुलें फुकट. असला तपशील त्यांनीं पुढें बाहेर काढला. त्यावर भाष्य करण्याची गरजच उरत नाहीं.

गुरूचें भाकीत बरेंचसें खरें ठरलें. प्रकाशकांनीं हस्तलिखित परत केलें, आणि एका दात्याच्या द्रव्यसाहाय्यानें तो ग्रंथ १९६१ मध्यें शिकागो येथून निघाला. एम्. ए. च्या प्रबंधांतून गाळलेला विचार त्यांत परत आला होता, आणि त्याच्यावरून पुष्कळ ज्यू वाचक दुखावले. १९८५ मध्यें ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तो विचार तींतहि कायम होता.