गाडगेबाबांचा खराटा आणि आपलं पिण्याचं पाणी

१८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्यात, मामाकडे वाढले. कोणत्याही गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसा झाडझूड, रात्री कीर्तन. पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेतही तेच. हे नुसतं टापटिपीचं काम नव्हतं बरं का! उघड्यावरची घाण पावसाच्या पाण्यासोबत विहिरीत, नदीत उतरते आणि कॉलरा, टायफॉईड, कावीळ घरात येते. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये कॉलऱ्याचा माग काढला, तो एका सार्वजनिक पंपापाशी पोहोचला. बाबांनी सूक्ष्मदर्शक न वापरता तीच वाट धरली. पावसाळ्यात काविळीचा रुग्ण आला की मी दोन प्रश्न विचारतो: पाणी कुठलं पिता? आणि घरचा कचरा, मुलांचे डायपर कुठल्या नाल्यात टाकता? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात.