आततायी

‘आततायीपणा करू नकोस,’ हे वाक्य कानी पडल्यावाचून मराठी घरात कोणी लहानाचा मोठा झाला असेल, असे मला वाटत नाही. चालत्या गाडीतून उडी टाकणारा, रागाच्या भरात राजीनामा लिहून देणारा, एका भांडणापायी वडिलार्जित शेत विकून मोकळा होणारा, हे सारे आपल्या लेखी आततायी. मागचापुढचा विचार न करणारा, एवढाच आपला अर्थ. असा माणूस दुष्ट असतोच असे नाही.

संस्कृतात मात्र या शब्दाला रक्ताचा वास आहे. ‘आतत’ म्हणजे ताणलेले. धनुष्य ताणून जो चालून येतो, तो आततायी. वसिष्ठाच्या धर्मसूत्रात त्याचे सहा प्रकार दिले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उपसणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि परस्त्री पळविणारा. हिंदीत आजही आततायी म्हणजे जुलमी, अत्याचारीच.

गीतेचा पहिला अध्याय शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, कौरव उतावळे होते, म्हणून अर्जुन त्यांना आततायी म्हणतो का?” वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मनुस्मृतीची आज्ञा अशी, की अंगावर येणारा आततायी गुरू असो, बालक असो, वृद्ध असो वा विद्वान ब्राह्मण, त्याला विचार न करता मारावे. अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो, आणि तरीही त्यांना मारल्यास पापच लागेल म्हणून थांबतो. मनूने नको म्हटलेला विचार तो करीत बसतो.

हा विचार पुढे शास्त्रकारांनाही चुकला नाही. चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने इसवी सन 1100 च्या सुमारास मिताक्षरा लिहिली. आततायी ब्राह्मणाविषयी तो म्हणतो, की स्वसंरक्षणासाठी त्याला अडवावे, पण मारण्याचा हेतू मनात नसावा. अडविताना चुकून तो मेलाच, तर प्रायश्चित्त सौम्य. 1860 च्या दंडसंहितेनेही स्वसंरक्षणाचा हक्क देताना जरुरीपुरतीच इजा करण्याची मर्यादा घातली होती.

मनूने ‘विचार न करता’ हे शब्द मारणाऱ्यासाठी वापरले. मराठीने नेमका तोच अविचार उचलला आणि त्यालाच आततायीपणा म्हटले! शब्दाचा अर्थ याच वाटेने बदलला, असा माझा दावा नाही. पण या योगायोगात मला शहाणपण दिसते. उद्या कोणी एखाद्या माणसाकडे वा जमातीकडे बोट दाखवून ‘ते आततायी आहेत’ असे ओरडू लागला, तर क्षणभर थांबून पाहावे: धनुष्य कोणाच्या हातात ताणलेले आहे?