कॅलिफोर्नियाचा २९ वा मतदारसंघ

१९५६ साली अमेरिकी प्रतिनिधीगृहासाठी कॅलिफोर्नियाच्या २९ व्या मतदारसंघात झालेली लढत आजही थक्क करते. रिव्हरसाइड आणि इम्पिरियल या दोन काउंटींचा हा मुलूख म्हणजे कालव्याच्या पाण्यावर पिकणारे वाळवंट. रिपब्लिकन खासदार जॉन फिलिप्स निवृत्त झाले आणि जागा मोकळी झाली. पक्षाने उमेदवारी दिली जॅकलिन कॉक्रन यांना. ध्वनीचा वेग ओलांडणारी जगातली पहिली महिला वैमानिक, शिवाय पती बडे धनाढ्य.

समोर होते डेमोक्रॅट दलीपसिंग सौंद.

पंजाबातून १९२० मध्ये आलेल्या सौंद यांनी बर्कलीत गणितात डॉक्टरेट मिळवली, पण पोट भरले ते इम्पिरियल खोऱ्यातल्या शेतीवर. तीही स्वतःच्या नावावर नव्हे! भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ठरवले होते. आणि नागरिकत्वास अपात्र परदेशीयांना जमीन घेण्याची कॅलिफोर्नियात मनाई होती. १९४६ च्या कायद्याने दार उघडले, १९४९ मध्ये ते नागरिक झाले. पुढच्याच वर्षी वेस्टमोरलंडमध्ये न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकली, पण नागरिकत्वाला वर्ष पुरे झाले नव्हते म्हणून पद नाकारले गेले. १९५२ मध्ये ते पुन्हा लढले, पुन्हा जिंकले.

१९५६ चा कौलही सौंद यांनाच मिळाला. अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेले ते पहिले आशियाई-अमेरिकी. या विजयाचे श्रेय तिथल्या मतदारांनाही द्यायलाच हवे.

१९६२ मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले. फेररचनेत मतदारसंघाचा क्रमांकही बदलला होता. त्या वर्षी ते हरले. भारतीय वंशाचे पुढचे खासदार बॉबी जिंदल लुईझियानातून निवडून आले, ते थेट २००४ मध्ये.