'पूर्ण' चौकट कोणी ठरविली?



रानावनात हिंडून पशुपक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्या मंडळींत एक वाद नेहमी चाललेला असतो. कॅमेरा 'फुल फ्रेम' असावा की 'क्रॉप सेन्सर'चा? कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हांला या वादाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. आमच्या युनियनमधील तरुण सुटीच्या दिवशी शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी टिपण्यास जातात, आणि पोटाला चिमटा घेऊन घेतलेला आपला कॅमेरा अपुरा आहे असे ऐकून हिरमुसतात. कोणी कर्ज काढण्याच्या गोष्टी बोलू लागतो. तेव्हा 'पूर्ण' आणि 'अपुरे' ही मापे ठरविली कोणी, हे इतिहासालाच विचारले पाहिजे.

हे माप एका कारागिराच्या हातून ठरले. जर्मनीतील वेट्झलार गावी, लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक हा यंत्रकारागीर होता. त्याला दम्याचा विकार. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपेना. सिनेमाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म बाजारात तयार मिळत होती. तिच्यावरील चित्र 18 गुणिले 24 मिलिमीटरचे. बार्नाकने फिल्म आडवी धरली, दोन चित्रांची जागा एका चित्रास दिली, आणि 24 गुणिले 36 ची चौकट जन्मास आली. 1914 च्या सुमारास नमुना तयार झाला व 1925 साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत 'लायका' लोकांपुढे आला. त्या काळी या आकाराला 'लघुचित्र' म्हणत. म्हणजे आज 'पूर्ण' म्हणून मिरविणारी चौकट मुळात लहान म्हणून ओळखली जात होती! पुढे 1959 साली जपानच्या ऑलिंपस कंपनीने 'पेन' कॅमेऱ्यात तिचेही दोन भाग केले, आणि 36 चित्रांच्या रिळावर 72 चित्रे निघू लागली. खर्च निम्मा झाला.

मग फिल्मच्या जागी सिलिकॉनचा सेन्सर आला. 1999 च्या निकॉन 'डी1' चा सेन्सर 23.7 गुणिले 15.6 मिलिमीटरचा, पिक्सेल 27 लक्ष. तो लहान का? याचे उत्तर कारखान्यात आहे. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडतात. नग मोठा केला की एका चकतीत थोडे बसतात. आणि चकतीवर कोठे दोष असला तर लहान नगापेक्षा मोठा नग त्याच्या तडाख्यात सापडण्याचा संभव अधिक. बाद माल वाढला की चांगल्या मालाची किंमत चढते, हे आमच्या गिरणी कामगारासही सांगावे लागत नाही. 2002 साली कॅननने पूर्ण चौकटीचा 'वन डीएस' काढला, त्याची किंमत सुमारे 8,000 डॉलर होती. 2005 चा 'फाइव्ह डी' सुमारे 3,300 डॉलरला आला. भिंगे मात्र जुन्या फिल्मच्या मापाची होती, म्हणून लहान सेन्सरला 'कापलेला' हे नाव चिकटले.

आता व्यवहाराचे पाहू. 300 मिलिमीटरचे भिंग 'क्रॉप' कॅमेऱ्यावर चढविले की 450 च्या भिंगाइतके दृश्य मिळते. यात जादू नाही. भिंग तेच चित्र पाडते. लहान सेन्सर त्याचा मधला भाग तेवढा घेतो. तथापि त्या भागात पिक्सेल दाट असतील तर पाखराचे पीस न् पीस दिसते. निकॉनचा 2016 चा 'डी500' 2 कोटी 9 लक्ष पिक्सेलचा. 2017 च्या 'डी850' ची पूर्ण चौकट मधोमध तेवढीच कापली तर 1 कोटी 94 लक्ष उरतात. एकाच भिंगाने, एकाच जागेवरून टिपलेल्या दूरच्या पक्ष्यापुरता दोघांत फरक नाममात्र. पैशांत मात्र मोठा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पूर्ण चौकटीचे क्षेत्र 864 चौरस मिलिमीटर, लहानीचे सुमारे 370. तेवढ्याच छिद्राने व तेवढ्याच वेळात मोठीवर दुपटीहून अधिक प्रकाश जमतो. म्हणून तिन्हीसांजेला गर्द रानात तिचे चित्र कमी खरखरीत येते, आणि रुंद भिंगाने सारी दरी एका चित्रात सामावते. ज्याच्याजवळ दोन्ही आहेत तो लांब भिंग 'क्रॉप'वर चढवून पक्षी टिपतो आणि संध्याकाळसाठी व विस्तीर्ण देखाव्यासाठी मोठी चौकट राखतो. फिटरच्या पेटीत लहान पाना आणि मोठा पाना असतात. त्यांत उच्चनीच कोणी मानीत नाही.

आमच्या तरुणांना सांगणे इतकेच, की बार्नाकने चौकट बेतली ती आपल्या दमाप्रमाणे. तुम्ही कॅमेरा बेता तो आपल्या कामाप्रमाणे आणि कमाईप्रमाणे. कर्जाचा विचार सोडा. ते पैसे खाडीवर जाण्यायेण्याच्या भाड्याला ठेवा. पहाटे लवकर तेथे पोहोचलात, तर हातातला कॅमेरा पुष्कळ काम देईल.