मूल कोणाच्या हवाली करावे?

ज्या मुलाचे घरी हाल होतात, त्याला तिथून काढायचं, तर ठेवायचं कुठं? तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? चांगलं घर पाहावं नि मूल तिथं द्यावं. पण घर चांगलं, हे ठरवायचं कोणी आणि कशावरून?

डेनिस ओ'नील हा वेल्समधल्या न्यूपोर्टचा मुलगा. घरी हेळसांड होते म्हणून तो नगरपालिकेच्या ताब्यात आला. १९४४ च्या जूनअखेरीस, ऐन महायुद्धात, त्याला श्रॉपशर परगण्यातल्या एका शेतकऱ्याकडे ठेवले. पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊही गेला. शेतावरचं घर म्हटलं की दूधदुभतं आणि मोकळी हवा डोळ्यांपुढं येते, नाही का? ९ जानेवारी १९४५ रोजी बारा वर्षांचा डेनिस तिथे मारहाणीने आणि उपासमारीने दगावला.

सर वॉल्टर मॉन्क्टन यांनी चौकशी केली. मूल न्यूपोर्टचे, शेत श्रॉपशरचे. देखरेख दुसऱ्याची, असं दोन्हीकडे धरून चाललेलं. २० डिसेंबरला न्यूपोर्टची एक कर्मचारी शेतावर गेली होती. मुलाची दशा पाहून त्याला हलवावे, असे तिने कळवलेही. पुढच्या वीस दिवसांत मूल काही हलले नाही!

मायरा कर्टिस यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला. १९४८ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना बाल-अधिकारी नेमणे भाग पडले. (अगाथा ख्रिस्तीबाईंनी याच प्रकरणावरून बीबीसीसाठी श्रुतिका लिहिली, ती १९४७ साली ध्वनिक्षेपित झाली आणि पुढे तिचंच ‘माऊसट्रॅप’ नाटक झालं.)

मग परक्यापेक्षा आईच बरी, असा नियम करावा का? मारिया कॉलवेल आत्याकडे सुखात वाढत होती. १९७१ साली तिला आईकडे परत पाठवले आणि जानेवारी १९७३ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, सावत्र बापाने तिचा जीव घेतला. शेजाऱ्यांच्या तक्रारी होत्या, शाळेतल्या बाईंनाही काळजी वाटत होती. माहिती होती, ती एका ठिकाणी जमली मात्र नाही. त्यानंतर, १९७४ पासून, तिकडे धोक्यातल्या मुलांची नोंदवही आली आणि निरनिराळी खाती एकत्र बसू लागली.

पुढे धोका तोलण्याच्या प्रश्नावल्या निघाल्या. मुलाचं वय काय? पूर्वी इजा झाली होती का? घरात दारू आहे का? बाहेरच्या कुणाच्या नजरेला मूल रोज पडतं का? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. नुसत्या बेरजेने घर कळत नाही. आणि मूल ठेवल्यानंतर पुन्हा जाऊन पाहिलं नाही, तर पहिली बेरीजही वाया जाते.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे बालकल्याण समिती सामाजिक चौकशीचा अहवाल मागवते. ही चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी, असे कायदा सांगतो. गुरुजी, तो चौकशी अधिकारी तुमच्या शाळेत आला, तर हजेरीपत्रक पुढं ठेवा. मूल कधीपासून येईनासं झालं, डबा आणत होतं का, अंगावर वळ कधी दिसले, ते तारखांसकट सांगा.