शंकूची छाया

पंचांग आपल्या घरोघरी असते. तिथी, एकादशी, ग्रहण यांसाठी त्याची पाने वरचेवर उलटली जातात. परंतु ज्या कोष्टकांत गावोगावचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात, त्यांकडे फारसे कोणी वळत नाही. तेथे 'पलभा' हा एक जुना शब्द आढळतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या तो कानांवरून गेलेला असतो, आणि शाळेत जाणाऱ्या नातवाला 'अक्षांश' हा शब्द मुखोद्गत असतो. हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीची दोन मापे होत, हे मात्र आजोबांना आणि नातवाला सहसा कोणी सांगितलेले नसते. हैदराबादेतील मराठी समाजाच्या विद्याभ्यासाचा इतिहास पाहू लागले म्हणजे हीच दरी आम्हांस पुनःपुन्हा दिसते. म्हणून तिचा येथे थोडा विचार करू.

पलभा म्हणजे काय? सपाट भूमीवर बारा अंगुळे उंचीची काठी, म्हणजे शंकू, उभा करावा. दिवस आणि रात्र समान असतील त्या दिवशी, ऐन मध्यान्ही, त्याची छाया जितकी अंगुळे पडेल ती त्या गावाची पलभा. उत्तरेकडे जावे तसतशी ती वाढते. हैदराबादची पलभा सुमारे 3 अंगुळे 45 व्यंगुळे, पणजीची 3 अंगुळे 20 व्यंगुळे, नागपूरची 4 अंगुळे 39 व्यंगुळे. तीच छाया कोनात मोजली की अक्षांश हाती येतो.

हा शंकू देवालयाशी अपरिचित नाही. वास्तूची दिशा ठरविण्याची जी रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितली आहे, तिचे साधन हेच. शंकूभोवती वर्तुळ काढावयाचे. सकाळी छायेचे टोक जेथे वर्तुळात शिरते आणि दुपारनंतर जेथे बाहेर पडते, ते दोन बिंदू जोडावयाचे. ती पूर्वपश्चिम रेषा. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखविते, हा विधी खरी उत्तर दाखवितो. दोरी, काठी आणि एक दिवसाचा धीर यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

देवालय आणि गणितज्ञान यांचा संबंध केवळ वास्तुविधीपुरताही नव्हता. चाळीसगावजवळील पाटण येथे देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापिला, आणि शके 1128 च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1207 मध्ये, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी निकुंभ घराण्यातील राजाने त्या मठास दान दिले. लेखाचा प्रारंभ संस्कृतात आहे. परंतु बाजारातील व्यवहारावर मठाला काय द्यावयाचे ते शेवटी मराठीत सांगितले आहे. ग्रहण हे पुण्यकर्माचे निमित्त आणि ग्रहणाचे गणित शिकविणारी शाळा हे त्या पुण्याचे पात्र! ज्यांनी पैसा द्यावयाचा त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावे, हे त्या दात्यांना उमगले होते.

आता हैदराबादकडे येऊ. दख्खनच्या या पठाराचे मोजमाप आधुनिक काळी मोठ्या प्रमाणावर झाले. विल्यम लॅम्टन याने दक्षिणेतून उत्तरेकडे नेलेल्या महात्रिकोणमितीय मोजणीची एक पायारेषा 1815 मध्ये बिदरजवळ साखळीने मोजली गेली. ते काम नेतानाच 1823 मध्ये वर्ध्याकडील हिंगणघाट येथे त्याचा देहान्त झाला. पुढे नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली. तिचे निजामिया वेधशाळा म्हणून 1908 पासून बेगमपेठेत काम चालू झाले, आणि आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-सूचीसाठी तिने लाखो ताऱ्यांची स्थाने मोजून दिली. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. देशी भाषेत, म्हणजे उर्दूत, पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंत सर्व उच्च विषय शिकविण्याचे ते मोठे धाडस होते, आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर-संस्थाही स्थापन झाली होती. ते धाडस गौरवास्पद खरेच. तथापि परभणीहून वा नांदेडहून आलेल्या मराठी मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर इंग्रजीतून उर्दूत आलेल्या शब्दाला त्याच्या अंगणात उतरण्यासाठी आणखी एक भाषांतर हवे होते, आणि ते ज्याचे त्यानेच करावयाचे होते. 1948 नंतर विद्यापीठात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. मुलाच्या माथी मारलेले ते काम मात्र तसेच राहिले.

ही उणीव ओळखणारी माणसे आपल्यात होऊन गेली. 1907 मध्ये स्थापन झालेल्या विवेक वर्धिनीच्या मागे केशवराव कोरटकर आणि सावंतवाडीकडून आलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्यासारखे पुरुष उभे होते. हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद भूषविलेले केशवराव 1932 मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये नारायणगुड्यात विद्यालय निघाले. आजही ते नाव त्या वस्तीत सर्वतोमुखी आहे. नारायणगुड्याच्या रस्त्यावर तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशा चार भाषा एका हाकेच्या अंतरावर ऐकू येतात. अशा ठिकाणी भौतिकी आणि भूविज्ञान शिकवावयाचे तर आरंभ कोठून करावा? आमचे उत्तर असे : अंगणातून, शंकूपासून, आणि घरच्या शब्दांतून.

एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करून मुलांनी 21 मार्चच्या सुमारास मध्यान्हीची छाया मोजावी. नारायणगुड्यात ती सुमारे 31 सेंटीमीटर भरेल. डिसेंबरच्या 22 तारखेस तीच 86 सेंटीमीटरपर्यंत जाईल. 9 मे रोजी आणि पुन्हा 3 ऑगस्टच्या सुमारास ती नाहीशीच होईल, कारण त्या मध्यान्ही सूर्य नेमका माथ्यावर असतो. आणि या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची छाया उत्तरेऐवजी दक्षिणेकडे पडेल. 'सूर्य रोज डोक्यावर येतो' हा समज एका वर्षाच्या वहीने कायमचा जातो. मुलांना आणखी एक नवल दिसेल. 9 मे रोजी छाया बाराच्या ठोक्याला न जाता बारा वाजून बारा मिनिटांनी जाते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे, हैदराबाद त्याच्या चार अंश पश्चिमेस. दर अंशास चार मिनिटे, म्हणून सोळा मिनिटांचा उशीर. आणि सूर्याच्या विषम गतीमुळे त्यांतून त्या दिवशी सुमारे चार मिनिटे वजा. पृथ्वीचे भ्रमण येथे पाठ करावे लागत नाही, ते घड्याळात दिसते.

याच्या पुढची पायरी दोन शाळांनी मिळून चढावी. नागपूर हे हैदराबादच्या जवळजवळ सरळ उत्तरेस आहे. 21 मार्चला तेथील मुलांनी तशाच काठीची छाया मोजली तर ती 39 सेंटीमीटरच्या आसपास येईल. दोन्ही छायांचे त्रिकोण कागदावर काढून कोन मोजावेत. फरक पावणेचार अंशांचा निघेल. पूर्ण वर्तुळात असे 96 भाग बसतात, आणि दोन्ही नगरांतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे 415 किलोमीटर आहे. गुणाकार केला की पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरांच्या जवळ येतो. इरॅटोस्थेनीसने ईजिप्तमध्ये जे केले आणि लॅम्टनने साखळी घेऊन ज्याचा पाठपुरावा केला, तेच दोन मराठी शाळांना पत्रव्यवहाराने साधेल.

आकाशाप्रमाणेच भूमीचे. हैदराबादचे गोलगोल प्रस्तर सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटचे आहेत. आगगाडीने विकाराबाद, बिदर, उदगीर असे परळीकडे जावे तो दगड आणि माती दोन्ही बदलतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण लागतो. सुट्टीत आजोळी जाणाऱ्या प्रत्येक मुलाने तेथला एक दगड आणि मूठभर माती आणावी. भोके असलेल्या दोन भांड्यांत काळी माती आणि हैदराबादची तांबूस वाळुमिश्र माती घालून सारखेच पाणी ओतावे, आणि खाली किती व केव्हा झिरपते ते मोजावे. ज्वारी-कापसाचे रान आणि मुरमाड रान यांतला भेद मुलास आपोआप कळेल.

हे ज्ञान हौसेचे नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी हे मृत्यूचे मोठे कारण ठरले. 1961 मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नंतर तेथे खोल वेधन केले, तेव्हा काळ्या पाषाणाचे थर 338 मीटरांवर संपून खाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. अर्थात हैदराबादेत जी जुनी भूमी उघडी आहे, तशीच मराठवाड्याच्या पोटात दडलेली आहे. वर्गात पसरट पाटीवर गोट्यांच्या दोन लहान भिंती मातीत रचाव्यात. एकीत आरपार जाणारे लांब दगड घालावेत, दुसरीत घालू नयेत. आणि पाटी हलवावी. कोणती आधी ढासळते हे पाहिलेले मूल मोठेपणी घर बांधताना ते विसरणार नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक; त्यांनी 1896 मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' मराठीत लिहून पंचांगामागचे गणित सर्वांस खुले केले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या समाजाने मुलास पंचांग फक्त पूजेपुरते आणि विज्ञान फक्त परीक्षेपुरते द्यावे, हे शोभत नाही. माध्यम कोणतेही असो. ते आता आपल्या हाती फारसे राहिलेले नाही. परंतु देवळाचे पटांगण आपल्या हाती आहे. विश्वस्तांनी तेथे एक शंकू उभारावा, त्याखाली दिशा आणि पलभा कोरावी, आणि 9 मे रोजी मुलांना मध्यान्ही बोलवावे. शाळेला सुट्टी असेल, म्हणून आजोबांनाच नातवाचे बोट धरून यावे लागेल. तेवढ्यानेही पलभा आणि अक्षांश यांची गाठ पडेल.