कुलाब्याचे दोन निबंध

माहीमच्या माडांच्या वाड्या आणि माडी काढणारे भंडारी १९०९ च्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरात भेटतात. त्या माडीला फेस आणणारं यीस्ट साखर दिसली की आपला कारभार कसा बदलतं, याचे कागद मात्र कुलाब्याचे आहेत. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकींनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. याच संस्थेतल्या पवित्र कुमार मैत्र आणि झीटा लोबो यांचे दोन निबंध ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’च्या २४६ व्या खंडात, १९७१ साली, लागोपाठ छापलेले आहेत: पृष्ठ ४७५ आणि ४८९.

पहिल्यात साखर फोडणारी विकरं पेशी कोणत्या गतीने बनवते, याची मोजदाद. दुसऱ्याचा दावा शीर्षकातच आहे: या निर्मितीवर ताबा असतो तो हेक्सोकायनेजच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या पदार्थांचा. म्हणजे ग्लुकोज नुसतं पेशीत शिरून भागत नाही. हेक्सोकायनेजने त्याला फॉस्फेट जोडलं, की जनुकांपर्यंत वर्दी जाते. हा धागा मैत्र यांच्याच हाती का लागावा? १९६४ चा एक जुना निबंध इथे उपयोगी पडतो. त्यात मैत्र आणि रोनाल्ड एस्टाब्रुक यांनी ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे साखर फोडण्याच्या, वाटेवरचे मधले पदार्थ प्रतिदीप्तीने मोजायची रीत दिली आहे. पेशीच्या आत काय साठतंय हे ज्याला मोजता येतं, तो बाहेरच्या साखरेवर थांबत नाही, असा माझा तर्क.

जनुकांना रोखणाऱ्या नियामक पदार्थाची कल्पना तेव्हा नवी नव्हती. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये जिवाणूंसाठी ती मांडली होती. गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये लॅक्टोजच्या जनुकांना रोखणारं प्रथिन वेगळं काढलं. पण कुलाब्याचं मोजमाप विकरांचं आहे. डीएनएवरच्या प्रथिनाचं श्रेय मागाहून त्याला चिकटवणं म्हणजे इतिहास नव्हे, कौतुक.

यीस्टमध्ये डीएनएला धरणारं असं प्रथिन पुढे सापडलं. क्लिफ्टन आणि फ्रँकेल यांनी १९८१ मध्ये ज्या उत्परिवर्ती यीस्टचं वर्णन केलं, त्यात ग्लायकोलिसिसची बहुतेक विकरं फारच कमी बनत. हेन्री बेकर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की त्यात बिघडलेलं जनुक, जीसीआर१, डीएनएला धरणारं प्रथिन बनवतं. सीटीटीसीसी या पाच अक्षरांत बदल केला की त्याची पकड सुटते. शेजारी रॅप१ नावाचं दुसरं प्रथिन बसतं आणि त्याला टेकू देतं. जिवाणूंतलं लॅक्टोजचं प्रथिन वाट अडवतं, साखर आली की बाजूला होतं. जीसीआर१चं प्रथिन उलट जनुकाला चालना देतं.

हेक्सोकायनेजची कथा मात्र तिथे संपत नाही. मैत्र-लोबो यांनी त्या अभिक्रियेच्या उत्पादनांकडे बोट दाखवलं होतं. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात स्पेनच्या एका गटाने लिहिलं की हेक्सोकायनेज-२ हे विकर स्वतःच केंद्रकात जातं, आणि त्यासाठी त्याला मिग१ लागतं. मिग१ हे डीएनएला धरून इन्व्हर्टेजच्या जनुकासारखी जनुकं ग्लुकोज असेतो बंद ठेवणारं प्रथिन. प्रकरण दडपणाचं, चालना देण्याचं नव्हे. म्हणून त्याची नोंद वेगळ्या पानावर करावी लागते.